रत्ना सिस्टरचा तिसरा चौकोन

माझं औषधाचं दुकान जुन्नरच्या जुन्या पेठेत, कुंडलिक डॉक्टरांच्या नर्सिंग होमच्या बरोबर खाली. वर डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, खाली मी ती वाचायचो. अख्ख्या तालुक्यात त्यांचं अक्षर लावणारा मी एकटाच, त्यामुळे पेशंटला दुसऱ्या दुकानात जायची सोयच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी डॉक्टरांची टर उडवायला लागलो की 'सुभाषचंद शेठ, तुम्ही स्वतः कोण मोठे लागून गेलात' असं कुणी विचारायला नको. मी काही मोठा लागून गेलेलो नाही. त्यांच्या प्रत्येक ऑपरेशनला माझ्याच दुकानातून सलाइनच्या बाटल्या वर जात होत्या.

पण ही हकीकत डॉक्टरांची नाही, रत्ना सिस्टरची आहे. डॉक्टर तिच्यात सारखे येतील, कारण कुठल्याही गोष्टीत मध्ये येण्याची त्यांना सवयच आहे.

रत्ना डिंगोरे गावची. तिचे वडील सोपान. छप्पन साली ज्या घरांनी बौद्ध धम्म घेतला त्यांतलं त्यांचं एक घर. शेती बेताची, पण पोरीला शाळेतून काढायचं नाही हा हट्ट मात्र जबर. बारावी आणि वर एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स करून रत्ना चौऱ्याण्णव साली नर्सिंग होमला लागली. नवरा एसटीत मेकॅनिक, संघर्ष नावाचा एक मुलगा, आणि जुन्नरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. दिसायला काटकुळी, बोलायला कमी. एक खोड होती, सगळं लिहून ठेवायची. पेशंटचं नाव, गाव, वय, तक्रार, कुणाबरोबर आली, काय म्हणाली. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून माझे डोळे कामातून गेलेले. रत्नाचं रजिस्टर हातात आलं की बरं वाटायचं.

कुंडलिक डॉक्टरांना स्वतःचं नाव पाटीवर शोभत नाही असं वाटायचं. वडील हौशीराम, आपण कुंडलिक, म्हणून पाटीवर नुसतंच 'डॉ. के. एच.' गाव त्यांना कुंडलिक डॉक्टरच म्हणायचं. हात मात्र स्वच्छ होता, हे मान्य करायला हवं. आणि त्या हाताला सगळ्यांत आवडतं काम एकच, बायकांची पिशवी काढणं. अंगावरून पांढरं जातंय, तर पिशवी. पाळीला जास्त जातंय, तर पिशवी. कंबर दुखतेय, तर बघू, पण बहुतेक पिशवीच. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "पिशवीला सूज आहे. आज सूज, उद्या कॅन्सर. मुलं झाली ना? मग आता ती ठेवून करायचं काय?" समोरची बाई बत्तीस-तेहतीसची असायची. नवऱ्याकडे बघायची. नवरा कॅन्सर या शब्दानेच अर्धा झालेला असायचा. तो खाली माझ्याकडे येऊन विचारायचा, "शेठ, सामान काय काय लागंल?"

माझ्या बायकोचं, सुमतीचंही ऑपरेशन शहाण्णव साली त्यांनीच केलं. तेव्हा ती छत्तीसची. तेव्हापासून आमच्या घरात भर थंडीत पंखा चालू असतो आणि मी कानटोपी घालून जेवतो.

तर दोन हजार दोनच्या डिसेंबरात कुंडलिक डॉक्टर पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. मोठं हॉटेल, गळ्यात ओळखपत्र, जेवायला पनीर. येताना एक बॅग, एक फाइल आणि प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं एक कार्ड घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावून त्यांनी अर्धा तास समजावलं. म्हणजे असं, की जगभरातल्या डॉक्टरांनी एकाच आजारावर हजार निबंध लिहून ठेवलेले असतात. ते सगळे शोधायचे, चांगले-वाईट निवडायचे, आणि सगळ्यांचा मिळून एक निष्कर्ष काढायचा. स्वतः पेशंटला हातही लावायचा नाही. पण त्याआधी प्रश्न नीट मांडायला हवा, कारण प्रश्न ढिला तर हजार निबंध वाचूनही उत्तर ढिलंच. आणि प्रश्न मांडायला कार्डावर चार चौकोन होते. पहिला, पेशंट कोण. दुसरा, करायचं काय. तिसरा, कशाच्या तुलनेत. चौथा, फरक कशात मोजायचा.

खरं सांगतो, मला ते कार्ड पटलं. तीस वर्षं गल्ल्यावर बसून मी रोज ढिले प्रश्न ऐकत आलो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "शेठ, अंगदुखीवर कोणती गोळी चांगली?" गोळी लागते का, हे कुणी विचारत नाही. आणि मी काय वेडा आहे आपणहून सांगायला.

डॉक्टरांनी मात्र कार्डाचा नाद लावून घेतला. सकाळी मी वरच्या जिन्याशी उभं राहून विचारलं, "डॉक्टर, चहा घेणार?" तर म्हणाले, "प्रश्न अपुरा आहे शेठ. कशाच्या तुलनेत?" कंपाउंडरने रजा मागितली तर त्याला चार चौकोनांत अर्ज लिहायला लावला. त्यांनी ठरवलं की वर्षाच्या आत आपणही असा एक निबंध लिहायचा, परिषदेत वाचायचा, आणि पुण्यातल्या त्यांच्या वर्गमित्रांना दाखवून द्यायचं की जुन्नरात नुसते कांदे-बटाटे पिकत नाहीत.

निबंध डॉक्टरांचा, म्हणजे काम रत्नाचं. कॉम्प्युटर तिलाच चालवता येत होता. दुपारी पेशंट ओसरले की ती टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडायची, तो घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करायचा, आणि मग दोन तास नर्सिंग होमचा फोन लागायचा नाही. ओतूरहून फोन करणारे पेशंट शेवटी माझ्या दुकानात फोन करून विचारायचे की डॉक्टर गेले का. मी सांगायचो, आहेत, प्रश्न मांडतायत.

प्रश्न मांडायला साडेतीन महिने लागले. पहिला प्रश्न होता, 'गर्भाशयाच्या तक्रारींवर सर्वांत चांगला उपाय कोणता?' कार्यशाळेतल्या पुण्याच्या मास्तरांनी तो परत पाठवला. फार मोघम आहे म्हणाले. कोणत्या बायका, कोणती तक्रार, चांगला म्हणजे काय? मग डॉक्टरांनी वय घातलं. मग 'ग्रामीण' घातलं. मग बाळंतपणं किती तेही घातलं. दर आठवड्याला प्रश्न अंगाने बारीक आणि रुबाबाने मोठा होत गेला. शेवटी मार्चच्या सुमारास तो असा झाला: पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या, बाळंतपणं झालेल्या ग्रामीण स्त्रियांत, पोट उघडून पिशवी काढण्याच्या तुलनेत खालच्या वाटेने पिशवी काढली, तर रुग्ण किती दिवस आधी घरी जातो? पुण्याचे मास्तर म्हणाले, वा, आता प्रश्न बांधीव झाला. इतका बांधीव झाला होता, की त्यात त्या बाईला तोंड उघडायला कुठे फटच राहिली नव्हती.

याच काळात रत्नाचं स्वतःचं दुखणं चाललं होतं. पाळी आली की आठ-आठ दिवस थांबायची नाही. जिने चढताना धाप लागायची, चेहरा पांढराफटक. जानेवारीत डॉक्टरांनी तिची सोनोग्राफी केली आणि जे सगळ्यांना सांगायचे तेच तिला सांगितलं. सूज आहे, काढून टाक, स्टाफ म्हणून मी बघतो सगळं. संघर्षच्या शाळेला सुट्टी लागली की करू, म्हणून बारा मे ही तारीख ठरली. तारखांच्या रजिस्टरात रत्नाने ती स्वतःच्या हाताने लिहिली: रत्ना, वय चौतीस, जुन्नर, बारा मे. मला दाखवली तेव्हा म्हणाली, "शेठ, नऊ वर्षं दुसऱ्यांची नावं लिवली. आज माझं लिवताना हात थांबला बघा."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, होईल सगळं व्यवस्थित, डॉक्टरांचा हात चांगला आहे.

आता तिसरा चौकोन. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी बिलं द्यायला वर गेलो होतो. रत्ना टाइप करत होती आणि डॉक्टर मागे येरझारा घालत सांगत होते. तिसऱ्या चौकोनाशी आल्यावर ती थांबली.

"सर, एक विचारू का? हितं 'पोट उघडून काढण्याच्या तुलनेत' लिवलंय. 'न काढण्याच्या तुलनेत' असं न्हाई का धरता येत?"

डॉक्टर हसले. "न काढणं हा काय उपचार आहे का?"

"पण सर, नेटवर निबंध हायेत तसे. एका बाजूला गोळ्या दिलेल्या बाया, दुसऱ्या बाजूला ऑपरेशन केलेल्या. मी चार-पाच बघितले."

"ते परदेशातले, रत्ना. तिकडच्या बायका वेगळ्या. त्यांना गोळ्या खायला जमतात. आपल्या बायकांना नाही जमत."

रत्ना पुन्हा टाइप करायला लागली. डॉक्टरांच्या निबंधात जे अकरा निबंध घेतले होते, तेही झाडून सगळे परदेशातलेच होते. तिकडच्या बायकांची पिशवी इकडच्या बायकांसारखी होती, फक्त गोळी गिळायचा घसा वेगळा होता. मी हे मनात म्हटलं आणि बिलं ठेवून खाली आलो.

यातून काही झालं नसतं. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. तारखांचं जुनं रजिस्टर चाळताना त्यांना दिसलं, की पाच वर्षांत एकतीस बायका तारीख देतो म्हणून गेल्या आणि फिरकल्याच नाहीत. बहुतेक पश्चिमेकडच्या, डोंगरकडेच्या गावांतल्या. मे-जूनमध्ये तपासून गेलेल्या, आणि प्रत्येकीपुढे रत्नाच्या अक्षरात एकच शेरा: 'आवणीनंतर येते.' तिकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. पाऊस लागला की घरातलं एकही माणूस रिकामं नसतं. सून दवाखान्यात पडून राहिली तर खाचरात वाकायचं कुणी? म्हणून बायका तपासून घ्यायच्या, ऐकून घ्यायच्या, आणि 'आवणी झाल्यावर येते' म्हणून एसटीत बसायच्या.

डॉक्टरांचा निष्कर्ष तयार होता. त्याला चार चौकोन लागले नाहीत. "मंचरला तो नवा सर्जन बसलाय ना, त्याने पळवल्या." मंचरच्या त्या गृहस्थाला डोंगरकडेचं घाटघर कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसेल. पण डॉक्टरांनी रत्नाला कामाला लावलं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जायचं, त्या बायकांना गाठायचं, कोणाकडे ऑपरेशन केलं ते काढून आणायचं. जायला निमित्त म्हणून माझ्याकडून रक्तवाढीच्या गोळ्यांची फुकटची पाकिटं दिली.

रत्ना गेली. पण वही घेऊन गेली, आणि पर्समध्ये ते कार्ड. अशक्त बाई, दर रविवारी एसटी पकडून कुठे घाटघर, कुठे आणखी पुढच्या वाड्या पालथ्या घालायची आणि सोमवारी कामावर हजर. मी म्हटलं, अगं कशाला इतकी मरमर, मंचर लिहून दे आणि मोकळी हो. तर म्हणाली, "शेठ, माझी तारीख ठरलीय. मला बघायचंय, ज्या आल्या न्हाईत त्यांचं काय झालं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती डॉक्टरांच्या कामाला जात नव्हती.

घाटघरच्या धोंडाबाईची हकीकत तिने मला गल्ल्याशी उभं राहून सांगितली. धोंडाबाई दारात नाचणी निवडत बसलेली. रत्नाला बघून आधी घाबरली. तिला वाटलं, दवाखान्यातून पकडायला आली. मग चहा ठेवला.

रत्नाने विचारलं, "तुमी आवणीनंतर येते म्हणला व्हता. मग दुसऱ्या डॉक्टरकडं गेला का?"

"न्हाई बाय. आवणी झाली, मग तण काढायची बेणणी आली, मग कापणी. कापणी झाल्यावर ध्यानात आलं, आपलं तर काईच दुखत न्हाई. बरं वाटतंय म्हणून कुणी डॉक्टरकडं जातं व्हय?"

"आपोआप बरं वाटलं?"

"आपोआप कसलं. उपकेंद्रातल्या नर्सबाईनं तांबी काढली. म्हणली, लई वर्सं झाली हिला, हीच तरास देतीय. काढली आन दोन म्हैन्यात समदं जागेवर आलं."

तांबी म्हणजे मूल राहू नये म्हणून पिशवीत बसवतात ती कॉपर-टी. इथपर्यंत सांगून रत्ना थांबली. वहीचं पान अंगठ्याने दुमडत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शेठ, मला पण तांबीच हाय. संघर्ष झाल्यावर सरांनीच बसवलीय, दहा वर्सं झाली. सोनोग्राफीत दिसली बी त्यांना."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणले, ती वेगळी कशाला काढायची, पिशवीबरोबर येईलच."

मला हसू आलं. तुम्हालाही येईल. दिवा जळतोय म्हणून माणसाने अख्खं घर पाडावं आणि म्हणावं, दिवा आपोआप विझेल. नऊ वर्षं दवाखान्यात काढलेल्या रत्नालाही ते खटकलं नव्हतं, याचा तिला राग आलेला दिसत होता. डॉक्टरांवर आणि स्वतःवर, दोघांवरही. दहा वर्षं जुनी तांबी त्रास देते हे तिने पन्नास बायकांना स्वतः सांगितलेलं होतं. पण आपल्या वेळेला, डॉक्टर बोलले म्हणून तिने मान हलवली. तसा तिने तो राग काही बोलून दाखवला नाही. वही मिटली आणि वर निघून गेली.

पण तिचा हिशोबीपणा बघा. धोंडाबाईच्या एका गोष्टीवर ती उडून गेली नाही. एकतिसांपैकी सव्वीस बायका तिने गाठल्या. सतरा बऱ्या होत्या. त्यांत सहा जणींची तांबी काढलेली, काहींनी गोळ्या खाल्लेल्या, काहींची पाळी वयानेच गेलेली. सहा जणींचं दुखणं अजून मागेपुढे चाललेलं. एकीला खरोखर मोठी गाठ होती, तिचं ऑपरेशन पुण्याला सरकारी दवाखान्यात झालं, आणि ते झालं म्हणून ती वाचली. एक मंचरला गेली. आणि कुशाबाई नावाच्या एका म्हातारीने सुनेला बोलूच दिलं नाही, रत्नाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. सगळं तिने लिहिलं, म्हातारीच्या शिव्यांसकट.

नुसतं एवढं करूनही ती थांबली नाही. तिसऱ्या चौकोनाला जोडीदार हवा, म्हणाली. म्हणून त्याच वर्षांत ज्यांची पिशवी काढली अशा सव्वीस बायकांनाही तिने तेच विचारलं: आता कसं आहे? काही जणी खूश होत्या, पाळीची कटकट गेली म्हणाल्या, तेही तिने लिहिलं. पण बऱ्याच जणी अंगातून वाफा निघतात म्हणाल्या, कंबर गेली म्हणाल्या, चाळिशीच्या आत म्हातारपण आलं म्हणाल्या. त्यातच एक दिवस ती माझ्या दुकानात आली. सुमती डबा घेऊन आली होती. रत्नाने वही उघडून विचारलं, "सुमतीबाई, तुमचं शहाण्णवला झालं ना? आता कसं हाय?"

सुमतीने तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "झकास आहे. दीड महिन्यात दुकानात उभी होती. लिही, झकास."

रत्नाने सुमतीकडे पाहिलं. सुमती डब्याची झाकणं लावत होती. रत्नाने काहीतरी लिहिलं आणि गेली. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी तिने वही डॉक्टरांपुढे ठेवली. मी तिथेच होतो, मुद्दाम होतो. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "मंचरला किती गेल्या?"

"एक."

"एकच? मग बाकीच्या कुठे गेल्या?"

"कुठंच न्हाई गेल्या सर. लई जणी बऱ्या हायेत."

डॉक्टरांनी वहीची दोन पानं उलटली. मग अगदी मनापासून म्हणाले, "बऱ्या कशा असतील? त्यांच्या पिशवीला सूज होती."

मी खोकल्याचं निमित्त करून खिडकीशी गेलो. रत्ना हसली नाही. ती म्हणाली, "सर, मला म्हाईत हाय, सव्वीस बायांनी काय सिद्ध व्हत न्हाई. कुणाला तपासलं न्हाई, नुसतं विचारलं. पण आपला प्रश्न तरी असा मांडा ना. काढलेल्या आन न काढलेल्या. घरी किती दिवस आधी गेली हे मोजण्यापरीस, बाई बरी झाली का ते मोजा."

"रत्ना, जी पेशंट आलीच नाही तिचा केसपेपर नसतो. केसपेपर नाही म्हणजे डेटा नाही. डेटा नाही तिथे प्रश्नच उद्भवत नाही." डॉक्टरांनी वही बंद करून तिच्याकडे सरकवली. "आणि तुझी बारा तारीख लक्षात आहे ना? हिमोग्लोबिन वाढव तोपर्यंत."

रत्ना हो म्हणाली. मला तिचा राग आला. इतकं सगळं करून बाई हो म्हणते. दोन दिवसांनी ती सरकारी दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरबाईंकडून पाच मिनिटांत तांबी काढून आली. त्या बाई म्हणाल्या, तीन महिने लोह खा, मग बघू, नाही थांबलं तर पुढचं पुढे. मग रत्ना वर आली, तारखांचं रजिस्टर उघडलं आणि स्वतःच्या नावापुढे, बारा मेच्या शेजारी, त्याच सुबक अक्षरात लिहिलं: 'आवणीनंतर येते.'

अकरा तारखेला डॉक्टरांनी ते वाचलं. तिला हाक मारली. "हे काय? तुमच्या डिंगोऱ्यात कुठली आलीय आवणी? आणि तू कधी वाकलीस खाचरात?"

"माझी न्हाई सर. घाटघरच्या बायांची. त्यांची झाली की येते."

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. चिडले, आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले, पण काढून टाकलं नाही. कॉम्प्युटर दुसरं कोण चालवणार होतं? ऑगस्टपर्यंत रत्नाच्या चेहऱ्यावर रंग आला. जिने चढून आली की लगेच बोलू शकायची. पाळी चार दिवसांवर आली. त्यानंतर दर मे महिन्यात डॉक्टर रजिस्टर उघडून विचारायचे, "रत्ना, तुझं कधी?" आणि ती म्हणायची, "आवणी व्हऊ द्या सर." दोन हजार आठपर्यंत हे चाललं, मग ती जिल्हा परिषदेच्या भरतीत लागली आणि उपकेंद्रावर गेली.

डॉक्टरांचा निबंध दोन हजार तीनच्या डिसेंबरातच परिषदेत वाचला गेला. निष्कर्ष असा, की खालच्या वाटेने पिशवी काढली तर बाई सुमारे दीड दिवस आधी घरी जाते. निबंधाला प्रशस्तिपत्र मिळालं. प्रशस्तिपत्र आणि तो बांधीव प्रश्न, दोन्ही काचेच्या फ्रेममध्ये बसून पेशंटच्या बाकासमोर लागले. बाकावर बसलेल्या बायका ते इंग्रजी बघत बसायच्या. निबंधाच्या शेवटी आभार होते, त्यात 'टंकलेखन: सिस्टर रत्ना' असं लिहिलं होतं.

आता माझं. ज्या दिवशी रत्नाने 'घाटघरच्या बायांची' असं उत्तर दिलं, त्याच दिवशी दुपारी मी घरी जेवायला गेलो आणि सगळी मजा सुमतीला सांगितली. डॉक्टरांचा आवाज काढून सांगितली. बऱ्या कशा असतील, त्यांना सूज होती, हे सांगताना मला हसून हसून घास उतरेना. तांबी पिशवीबरोबर येईलच, हे सांगताना तर मी ताटावर हात आपटला.

सुमती हसली नाही. तिने पोळी वाढली, तूप वाढलं, आणि म्हणाली, "मला पण तांबीच होती की."

मी म्हटलं, "कधी?"

"शहाण्णवला. आपला बंटी पाच वर्षांचा झाल्यापासून होती." ती समोर बसली. पदराने मान पुसली. "अहो, डॉक्टरांनी पिशवी काढायची म्हटल्यावर तुम्ही खाली-वर करत होता. एकदा केबिनमध्ये एकटेच जाऊन बसलात. मी बाहेर बाकावर होते. तुम्ही त्यांना काय विचारलं होतं?"

मला आठवत होतं. सात वर्षं झाली तरी शब्दन् शब्द आठवत होता. खोटं बोलता आलं असतं, पण तिने कधी नव्हे ते विचारलं होतं.

"रविवार सोडून करता येईल का, असं विचारलं होतं," मी म्हणालो. "रविवारी बाजार असतो, दुकानात गर्दी असते."

"हो ना," सुमती म्हणाली, आणि उठून पंखा एकने वाढवला.